मोटारीतून उभे राहिलेले गाव
मदर तेरेसा यांच्या जीवनातील एका दानाची कथा

मदर तेरेसा हे नाव ठाऊक नाही, असा वाचक विरळाच. निळ्या काठांची पांढरी साडी, वाकलेली देहयष्टी आणि सुरकुत्यांनी भरलेला प्रसन्न चेहरा हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघरी पोहोचवले आहे. त्या चित्रामागची कर्तबगार, व्यवहारचतुर शिक्षिका मात्र तितकीशी परिचित नाही. कुणी दिलेली वस्तू नुसती ठेवून न घेता तिचे गरजवंताच्या उपयोगी पडेल असे रूपांतर कसे करावे, हे त्यांना उत्तम साधले होते. शाळेच्या या हीरकमहोत्सवी ग्रंथात त्यांचे चरित्र याच अंगाने मांडावे, असे वाटते.

मदर तेरेसा यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये येथे एका अल्बेनियन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव ॲग्नेस. वडील व्यापारी होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि घरची सुबत्ता ओसरली. आईने शिवणकाम व भरतकाम करून तीन मुलांना वाढवले; तरीही दारी आलेल्याला ती विन्मुख पाठवत नसे. अठराव्या वर्षी, १९२८ मध्ये, ॲग्नेस यांनी लोरेटो संघात प्रवेश करण्यासाठी घर सोडले. त्यानंतर त्यांची आणि आईची भेट कधीच झाली नाही. १९७२ मध्ये आई अल्बेनियात वारली, तेव्हा तेथील राजवटीने मायलेकींच्या भेटीची वाट बंदच ठेवलेली होती.

आयर्लंडमध्ये काही आठवडे इंग्रजी शिकून त्या जानेवारी १९२९ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. दार्जिलिंग येथे उमेदवारीचा काळ संपवून १९३१ मध्ये त्यांनी पहिली व्रते घेतली आणि तेरेसा हे नाव धारण केले. पुढे एन्टाली भागातील सेंट मेरीज शाळेत त्या भूगोल व इतिहास शिकवू लागल्या. १९४४ मध्ये त्या तेथील मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे ज्या मदर तेरेसांना जग ओळखते, त्यांच्या आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे फळा, खडू, वह्या आणि मुलींचा गलबला यांच्या सहवासात गेली होती.

शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझील नावाची झोपडपट्टी होती. १९४३ च्या दुष्काळाने आणि १९४६ च्या दंगलींनी कोलकात्याचे रस्ते भुकेल्या व मरणोन्मुख माणसांनी भरून गेले. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात त्यांचा निश्चय झाला, की गरिबांची सेवा गरिबांत राहूनच करायची. आवश्यक परवानगी मिळण्यास दोन वर्षे लागली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटो सोडले, पाटणा येथे शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेतले आणि वर्षअखेरीस मोतीझीलमध्ये शाळा उघडली. फळा नव्हता, बाके नव्हती. काठीने जमिनीवर अक्षरे काढून त्या शिकवीत. १९४९ मध्ये त्यांना पहिली सहकारी लाभली, ती त्यांचीच माजी विद्यार्थिनी सुभाषिनी दास. ज्यांच्या हाताखाली शिकल्या, त्यांच्याच कार्यात उभे राहण्यासाठी माजी विद्यार्थिनी आल्या आणि त्यांच्यातूनच ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ आकारास आला. १९५२ मध्ये कालीघाट येथे निर्मल हृदय सुरू झाले.

कुष्ठरुग्णांचा प्रश्न त्यांच्यापुढे १९५७ मध्ये आला. आजारामुळे कामावरून काढून टाकलेली आणि घरच्यांनीही दूर लोटलेली पाच माणसे त्यांच्या दारी आली. त्याच वर्षी त्यांनी रुग्णवाहिकेतून फिरता दवाखाना सुरू केला. कुष्ठरुग्ण दवाखान्यात जाण्यास धजत नव्हता, कारण तेथे जाताना कुणी पाहिले तरी त्याचे घर आणि काम दोन्ही सुटे. तेव्हा दवाखान्यानेच त्याच्या वस्तीपर्यंत जावे, हा साधा आणि शहाणपणाचा विचार त्यामागे होता. डॅप्सोनच्या गोळ्या उपलब्ध झाल्यामुळे रोग आवरता येऊ लागला होता. प्रश्न होता तो औषध माणसापर्यंत नियमाने पोहोचवण्याचा. ते काम वाहनाने केले.

कुष्ठरोग आणि अंधत्व यांचे नाते येथे समजून घेतले पाहिजे. हा रोग मज्जातंतूंवर आघात करतो. पापण्या मिटवणारे स्नायू दुर्बळ झाले, की डोळा पूर्ण मिटत नाही. बुबुळावरील पारदर्शक पटलाची संवेदना गेली, की धुळीचा कण रुतला तरी कळत नाही. जखम होते, ती चिघळते आणि दृष्टी जाते. इतर अंध व्यक्तींना बोटांच्या टोकांवर ब्रेल लिपी वाचता येते. या रुग्णाच्या बोटांतील स्पर्शज्ञानही गेलेले असते. डोळ्यांचा आणि हातांचा, असे दोन्ही दरवाजे एकाच वेळी बंद होणे ही त्याची शोकांतिका. म्हणून या रुग्णांना केवळ भाकरी देऊन भागत नव्हते. वेळेवर औषध, राहण्यास जागा आणि जमेल असे काम, या तिन्हींची गरज होती. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारताना हेच ओळखले होते. तेथे पुढे अंध मुलांसाठीही शाळा सुरू झाली.

अशा वसाहतीचे स्वप्न मदर तेरेसाही पाहत होत्या. पश्चिम बंगाल सरकारने आसनसोलच्या परिसरात ३४ एकर जमीन देऊ केली होती. तिच्यावर गाव वसवण्यास पैसा हवा होता. तो एका अनपेक्षित वाटेने आला.

डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्मियांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले होते. त्यासाठी पोप सहावे पॉल २ ते ५ डिसेंबर या काळात मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर लोटलेला जनसमुदाय जुन्या मुंबईकरांच्या स्मरणात दीर्घकाळ होता. पोप यांच्या वापरासाठी अमेरिकेतून एक पांढरी लिंकन मोटार भेट आलेली होती. भारताचा निरोप घेताना त्यांनी ही वापरलेली मोटार मदर तेरेसांच्या कार्यासाठी देऊन टाकली.

आता या मोटारीचे काय करायचे? ती ठेवून घेतली असती, तर कुणीही दोष दिला नसता. परंतु अरुंद गल्ल्यांतून पायी हिंडणाऱ्या भगिनींना त्या ऐसपैस मोटारीचा उपयोग काय होता? इंधन, चालक आणि दुरुस्ती यांचा भार मात्र संस्थेवर कायमचा पडला असता. सरळ विकली असती, तर बाजारभावाने पैसे मिळाले असते. मदर तेरेसांनी तिसरा मार्ग निवडला. त्या स्वतः त्या मोटारीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली. एका मोटारीसाठी अनेकांनी तिकिटे घेतली, मोटार एकालाच मिळाली आणि सरळ विक्रीतून आले असते त्याहून कितीतरी अधिक धन जमले. ते शांतिनगरच्या उभारणीला लागले.

शांतिनगरात कुष्ठरुग्ण कुटुंबासह राहू लागले. त्यांनी घरे बांधली, भात पिकवला, गुरे पाळली, टोपल्या विणल्या. टिटागढ येथील दुसऱ्या केंद्रात तर रुग्णांनी हातमाग चालवले आणि संघाच्या भगिनी नेसतात त्या साड्या तेथेच विणल्या जाऊ लागल्या. ज्यांच्या स्पर्शाला समाज भीत होता, त्यांच्या हातचे वस्त्र या भगिनी अंगावर मिरवू लागल्या. दान घेणाऱ्याला देणारा बनवणे, ही त्या कार्यातील सर्वांत मोठी गोष्ट होय.

पुढे मानसन्मान आले. १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेलीच होती. १९७९ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक आणि १९८० मध्ये भारतरत्न मिळाले. नोबेलच्या वेळी होणारी औपचारिक मेजवानी त्यांच्या विनंतीवरून रद्द झाली आणि तिचा खर्च गरिबांकडे वळवण्यात आला. पंधरा वर्षांपूर्वीच्या मोटारीला लावलेला न्यायच त्यांनी मेजवानीलाही लावला. त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या केंद्रांतील वैद्यकीय उपचारांचा दर्जा आणि देणग्यांच्या हिशेबाची पारदर्शकता यांविषयी प्रश्न विचारले गेले. ते प्रश्न झाकून ठेवण्याचे कारण नाही. देणगी देणाऱ्याला तिचा मार्ग विचारण्याचा अधिकार आहे. पोपच्या मोटारीची गोष्ट आजही पटते ती याचमुळे, की तिचा मार्ग डोळ्यांना दिसतो : मोटार, सोडत, गाव. ५ सप्टेंबर १९९७ रोजी मदर तेरेसांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

या चरित्रातून आपण, बेंगळुरूच्या मराठी घरांनी, काय घ्यावे? आपल्यांपैकी अनेकांच्या इमारतींच्या तळमजल्यावर एखादी जुनी दुचाकी वा मोटार धूळ खात उभी असते. नवी आली म्हणून जुनी बाजूला सारलेली असते. इंग्लंड-अमेरिकेत अशी वाहने धर्मादाय संस्थांना देण्याची प्रथा रुळलेली आहे; अंधांसाठी कार्य करणाऱ्या संस्थाही ती स्वीकारतात, लिलावात विकतात आणि त्या पैशातून आपले काम चालवतात. आपल्या शहरातही श्री रमण महर्षी अंध अकादमी १९६९ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांतील मुलांना ब्रेल पुस्तके, बोलणारे संगणक आणि पांढरी काठी घेऊन एकट्याने चालण्याचे शिक्षण लागते. आपले जुने वाहन या गरजांपैकी काही भागवू शकेल.

मात्र दान हे अडगळ काढण्याचे साधन होता कामा नये. वाहन देण्यापूर्वी संस्थेला ते हवे आहे का, हे विचारावे. मालकी हस्तांतराचे अर्ज परिवहन कार्यालयात स्वतः पूर्ण करावेत, थकलेले दंड भरावेत, विमा व कागदपत्रे सोबत द्यावीत; अन्यथा आपली डोकेदुखी आपण दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो. आयकरातील देणगीची सवलत वस्तूला नव्हे, पैशाला मिळते. त्यामुळे वाहन आपणच विकून रक्कम संस्थेच्या खात्यात भरणे पुष्कळदा दोघांनाही सोयीचे ठरते. आणि दिल्यावर त्यावर आपला हक्क ठेवू नये. आपल्या वाहनावर आपल्या आजोबांचे नाव झळकावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु संस्थेला ते विकून ब्रेल छापण्याचे यंत्र घ्यावयाचे असेल, तर तिला तसे करू द्यावे. पोप यांनी मोटार देताना ती जपून ठेवण्याची अट घातली असती, तर आज एखाद्या संग्रहालयात एक चकचकीत लिंकन उभी असती आणि शांतिनगरच्या घरांसाठी पैसा दुसरीकडे शोधावा लागला असता.