हाफकिन, प्लेग आणि मुंबईचे उंदीर

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना परिचित आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र मात्र विस्मरणात गेले आहे. १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्मांतरास नकार दिल्याने रशियात प्राध्यापकपदाची वाट बंद झाली आणि १८८९ मध्ये त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साधी नोकरी पत्करली.

कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असे सातत्याने नेले, की जात तीच राहूनही त्यांचा जहालपणा वाढतो. या बदलाचा उपयोग करून त्यांनी लस सिद्ध केली व १८९२ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवताच ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचीही पहिली चाचणी स्वतःवरच घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची निर्दोषता मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याच संस्थेत पुढे साहिबसिंग सोखी या पहिल्या भारतीय संचालकांच्या काळात उंदरांवर लक्षणीय संशोधन झाले. प्लेगने वारंवार पोळलेल्या मुंबईतील रानटी उंदीर या रोगास सहजी बळी पडत नव्हते. प्लेगची फारशी झळ न लागलेल्या मद्रासचे उंदीर मात्र पटापट मरत. उंदरांना कोणी लस टोचली नव्हती. प्रत्येक साथीत दुबळे मरत गेले, चिवट उरले, आणि त्यांचा चिवटपणा वंशपरंपरेने पिलांत उतरला. अवघ्या काही दशकांत, जात न बदलता, एका शहराचे उंदीर बदलले. पुढे प्लेग ओसरला, त्याच्या कारणांत या बदलाचाही समावेश केला जातो.

लशीने आलेली प्रतिकारशक्ती टोचून घेणाऱ्यापुरतीच राहते. संततीकडे ती वारशाने जात नाही. निवडीतून आलेली शक्ती वंशात टिकते, पण तिची किंमत असंख्य मृत्यूंनी चुकवावी लागते. ती किंमत माणसाला मोजावी लागू नये, यासाठीच हाफकिन आयुष्यभर झटले.