पोराची तीनचाकी खडखडायची म्हणून जनावरांच्या डॉक्टरने घरीच टायर बनवला, पुढे त्याचं नाव जगभर गेलं

डनलॉप म्हटलं की आपल्याकडे अनेकांना आधी गादी आठवते. फोमची गादी कुठल्याही कंपनीची असो, घराघरात तिला डनलॉपच म्हटलं जायचं. जरा जुन्या लोकांना टायर आठवतो.

पण डनलॉप हे एका माणसाचं आडनाव आहे. हा माणूस ना इंजिनियर होता ना कारखानदार. तो होता जनावरांचा डॉक्टर. आणि त्याचं नाव जगभर पोहोचलं त्याला कारण ठरली त्याच्या पोराची तीनचाकी सायकल.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. गाव स्कॉटलंडमधलं ड्रेगहॉर्न, घरी शेती. एडिनबरामध्ये ते पशुवैद्यक शिकले आणि १८६७ मध्ये आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला आणि तो जोरात चालायला लागला. रबर कापून, चिकटवून वस्तू बनवायचा हातही त्यांना होता.

तर झालं असं की, १८८७ साली त्यांचा मुलगा जॉनी असेल नऊ-दहा वर्षांचा. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबर असायचं. आत हवा नाही, ट्यूब नाही. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, मध्ये ट्रामचे रूळ. पोरगं सायकलवर बसलं की हाडं खिळखिळी व्हायची आणि वेगही यायचा नाही.

डनलॉप यांनी विचार केला, चाक आणि दगड यांच्यामध्ये हवाच भरली तर?

त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबर चिकटवून त्याची नळी केली, ती चकतीभोवती गुंडाळली, वरून कापड ताणून खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन चाकं सोडली, एक सायकलचं जुनं आणि एक हे नवीन. जुनं चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक मात्र अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलटं परत आलं.

यामागचं गणित सोपं आहे. भरीव चाक प्रत्येक दगडावर चढतं, म्हणजे सायकल आणि बसणारा दोघांचं वजन दर वेळी वर उचलावं लागतं. हवेचा टायर दगडावर तेवढ्यापुरता दबतो आणि पुढे जातो. त्यामुळे धक्का कमी बसतो आणि ताकदही वाचते.

मग तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसवले गेले. १८८८ च्या फेब्रुवारीअखेर जॉनीने रात्रीच सायकल बाहेर काढून पहिली चक्कर मारली. त्याच वर्षी डनलॉप यांनी पेटंट घेतलं.

लोकांना मात्र ते जाडजूड टायर बघून हसू यायचं. १८ मे १८८९ ला बेलफास्टमध्ये सायकल शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा सायकलपटू हेच टायर लावून उतरला आणि चारही शर्यती जिंकला. हरलेल्यांमध्ये हार्वे द्यु क्रॉस या उद्योजकाची मुलं होती. बापाने हिशेब लगेच ओळखला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी निघाली, द्यु क्रॉस तिचे सूत्रधार आणि डनलॉप भागीदार.

आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच १८९० मध्ये बातमी आली की पेटंट रद्द. कारण रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सायकली नव्हत्या, रबर महाग होतं, म्हणून ती कल्पना बाजारात चालली नाही आणि लोक विसरून गेले. डनलॉप यांना तिचा पत्ताही नव्हता.

कंपनी तगली ती दुसऱ्यांच्या शोधांवर. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढायचं म्हणजे दिव्यच. १८९० मध्ये वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीने टायर काढता-घालता येईल अशी सोय शोधली. कंपनीने दोन्ही पेटंट विकत घेतली. आज आपण मुलाच्या सायकलचा टायर घरच्या घरी उतरवून ट्यूब बदलतो, ते यामुळे.

१८९६ मध्ये ही कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. पण तोवर डनलॉप तिच्यातून बाहेर पडले होते. कंपनीवर नाव त्यांचं राहिलं, मोठी कमाई मात्र इतरांची झाली. ते डब्लिनमध्ये साधेपणाने राहिले आणि २३ ऑक्टोबर १९२१ ला वयाच्या ८१ व्या वर्षी वारले.

त्यांच्यानंतर १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉप कंपनीचा कारखाना सुरू झाला. हवेचा टायर सायकलवरून मोटारीला आणि मोटारीवरून आपल्या बैलगाडीलाही आला. उसाच्या हंगामात साखर कारखान्याबाहेर टायरच्या गाड्यांची रांग लागते. लोखंडी धावेच्या लाकडी चाकापेक्षा हे चाक बैलांना ओढायला हलकं जातं.

डनलॉप यांनी धडपड केली होती पोराच्या हाडांसाठी. पण जनावरांवर उपचार करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घालवलेल्या या माणसाला बैलांचा हा फायदा बघून नक्कीच बरं वाटलं असतं.