दुसऱ्यांच्या लढ्यातला सेनापती

मुळशी सत्याग्रहात पांडुरंग महादेव बापट यांनी स्वतःला झोकून दिले. ज्यांच्यासाठी लढा उभारला, त्यांनीच माघार घेतली तर पुढे काय करायचे, हा त्या लढ्याने उभा केलेला प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही.

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर कामशेत आले, की मावळाच्या वाटा फुटू लागतात. एक वाट नाणे मावळात शिरते, दुसरी पवन मावळाकडे वळते. अंदर मावळही येथून फार दूर नाही. सह्याद्रीच्या कुशीतील या खोऱ्यांत पाऊस कोसळतो, भातखाचरे भरतात आणि ओढे-नद्या पूर्वेकडे धावू लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हेच पाणी अडवून घाटाखाली कोकणच्या बाजूला सोडायचे आणि त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण करायची, अशी योजना टाटा उद्योगसमूहाने आखली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. अंदर मावळातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. तिसरे धरण मावळाच्या दक्षिणेला, मुळशी पेट्यात, मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ बांधण्याचे ठरले. या तिन्ही योजनांपैकी मुळशीचे नाव इतिहासात कोरले गेले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला देशातील पहिला संघटित लढा म्हणून अनेक अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. आणि त्या लढ्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते सेनापती बापट मात्र ना मुळशीचे होते ना मावळचे.

पारनेरचा विद्यार्थी

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच स्वातंत्र्याचा ध्यास त्यांना लागला. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. तेथे परकीय सत्तेवर टीका करणारे भाषण केल्यामुळे ही शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. लंडनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते वावरले, पॅरिसला जाऊन बाँब बनविण्याची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये मायदेशी परतले. बंगालमधील अलीपूर बाँब खटल्यात नाव आल्याने त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले. १९१२ मध्ये ते पकडले गेले आणि १९१५ मध्ये त्यांची सुटका झाली.

येथपर्यंतचा प्रवास त्या काळातील एखाद्या क्रांतिकारकाला साजेसाच होता. बापट यांचे वेगळेपण यानंतर दिसू लागले. पारनेरला परतल्यावर त्यांनी हातात झाडू घेतला आणि गावातील रस्ते व शौचकूप स्वतः साफ करण्यास सुरुवात केली. विलायतेत शिकून आलेला ब्राह्मण तरुण हे काम करतो, याचा गावाला धक्का बसला. त्यांनी मात्र कोणाला उपदेश केला नाही, की कोणावर सक्ती केली नाही. इतरांच्या आयुष्यात बदल घडवायचा तर त्याची पहिली किंमत आपण मोजावी, हा त्यांच्या वागण्यातला अर्थ होता. पुढे मुंबईत झाडूवाल्या कामगारांच्या प्रश्नातही त्यांनी लक्ष घातले, ते याच वृत्तीने.

सरकारचा हस्तक्षेप, पुढाऱ्यांचा हस्तक्षेप

मुळशी पेटा हा आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध असलेला मुलूख. नियोजित धरणाखाली सुमारे पन्नास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसांचे संसार जाणार होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय सरकारच्या हाती दिली होती. मुंबईला वीज मिळेल, उद्योग वाढेल, कोळशावरील खर्च वाचेल, असे योजनेचे समर्थन होते आणि ते खोटे नव्हते. पण या व्यापक हितासाठी ज्यांना उठावे लागणार होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. गावकऱ्यांना योजनेची कल्पना आली, ती त्यांच्या शेतात चर खणायला माणसे आली तेव्हा.

या अन्यायाची वार्ता पुण्यात पोहोचली. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर अशा मंडळींनी या प्रश्नाला वाचा फोडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. जमीन तरी राखू, नाहीतर प्राण देऊ, अशी प्रतिज्ञा घेतली गेली. कंपनीने काही महिन्यांसाठी काम थांबविले. शस्त्र न उचलता, केवळ बसून राहून शेतकऱ्यांनी एका बलाढ्य कंपनीला थांबविले, याचे त्या काळात मोठे अप्रूप वाटले.

वर्षअखेर काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. या वेळी अटकसत्र आरंभले गेले. बापट लढ्याच्या अग्रभागी आले आणि तुरुंगात गेले. सेनापती ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात. ती कोणत्याही सरकारने अथवा संस्थानिकाने दिलेली नव्हती; मावळ्यांच्या लढ्याचा नेता म्हणून लोकांनी ती त्यांच्या नावाला जोडली.

मावळ्यांमधील दुफळी

दुरून पाहणाऱ्याला मुळशीचे शेतकरी एकजुटीने उभे दिसत होते. प्रत्यक्षात पेट्यात हितसंबंध अनेक होते. बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण पडलेल्या, तर काही त्यांच्याच मालकीच्या झालेल्या होत्या. पडीक पैसा वसूल होण्याची ही चांगली संधी आहे, असे सावकारांना वाटले आणि त्यांचा कल भरपाई घेण्याकडे झुकला. लहान मालकापुढे पेच होता. लढा हरला तर जमीनही जाईल आणि वाढीव मोबदलाही. कुळांची स्थिती सर्वांत बिकट होती; नावावर जमीन नसल्याने मोबदल्याच्या हिशेबात त्यांना फारसे स्थानच नव्हते. शहरातील नेत्यांमध्येही मतभेद होते. काहींना जमीन वाचवायची होती, तर काहींना चांगला भाव मिळवून द्यायचा होता.

१९२२ नंतर लढ्याचा जोर ओसरू लागला. एकेक करून शेतकऱ्यांनी मोबदला स्वीकारला. धरणाची भिंत वर चढत गेली. बहुतेक पुढारी बाजूला झाले. त्यांच्या निर्णयाला निव्वळ भित्रेपणा म्हणता येणार नाही. ज्यांचे शेत, ज्यांचे घर, त्यांनीच तडजोड स्वीकारली असेल, तर बाहेरच्याने त्यांना लढत राहा असे कोणत्या अधिकाराने सांगावे, हा त्यामागचा विचार होता. महात्मा गांधींनी आरंभी या सत्याग्रहाला आशीर्वाद दिले होते. पुढे मात्र बहुसंख्य बाधितांनी भरपाई घेतली आहे आणि लढ्याचे नेतृत्व अहिंसेवर पूर्ण निष्ठा नसलेल्या व्यक्तीकडे आहे, या कारणांमुळे त्यांनी त्यापासून अंतर राखले.

बापट यांना हा युक्तिवाद पटला नाही. उपासमारीच्या आणि कर्जाच्या दडपणाखाली दिलेली संमती ही खरी संमती कशी, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. शेतकऱ्याने अंगठा उठविला म्हणून अन्याय संपत नाही. अन्याय होत असताना तो पाहणाऱ्याचेही काही कर्तव्य असते, असे ते मानत. हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नाही. सक्तीने घेतलेल्या होकाराला होकार मानले, तर बळवंताला कोणतीच मर्यादा उरत नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुसऱ्याचा होकार खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार बाहेरच्याने स्वतःकडे घेतला, तर शेतकऱ्याच्या शब्दाला पुन्हा किंमत उरत नाही. आधी तो शब्द सरकारने ऐकला नव्हता, आता तो त्याच्या कैवाऱ्यानेही ऐकू नये, असे होऊन बसते.

एकट्याचा लढा

या पेचातून बापट यांनी काढलेली वाट त्यांच्या स्वभावाशी जुळणारी होती. शेतकऱ्यांना त्यांनी पुन्हा रस्त्यावर खेचले नाही. पुढची पावले त्यांनी मोजक्या साथीदारांसह स्वतःच उचलली. डिसेंबर १९२४ मध्ये या तुकडीने धरणाच्या कामासाठी धावणारी रेल्वे अडविली आणि शस्त्र चालविले. त्यात माणसे जखमी झाली. पळून जाण्याऐवजी बापट यांनी स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते बाहेर आले तेव्हा १९३१ साल उजाडले होते आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू होऊन चार वर्षे लोटली होती.

या कृतीचे मूल्यमापन करताना चरित्रकारांची तारांबळ उडते. कोणी ती शौर्यगाथा म्हणून सांगतो, कोणी सत्याग्रहाच्या तत्त्वाला लागलेला बट्टा म्हणून. दोन्हींमध्ये एक गोष्ट निसटते. रेल्वेवर जे जखमी झाले, ते पोटासाठी काम करणारे लोक होते. कंपनीचे धोरण त्यांनी ठरविले नव्हते. बापट यांनी स्वतःच्या देहाची किंमत मोजण्याची तयारी ठेवली हे निर्विवाद. पण त्या किमतीचा काही भाग ज्यांना विचारलेही नव्हते, अशांच्या माथी पडला. मुळशीच्या शेतकऱ्यांना न विचारता त्यांचे भवितव्य ठरविले गेले, हीच तर मूळ तक्रार होती. ती तक्रार घेऊन निघालेला माणूसही शेवटी त्याच चुकीच्या उंबरठ्यावर पोहोचला, हे त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवूनही मान्य करावे लागते.

त्याच वेळी, बाजूला झालेल्या पुढाऱ्यांचा हिशेबही पूर्ण मांडला पाहिजे. त्यांनी शेतकऱ्यांना प्राणांची प्रतिज्ञा दिली होती. पुण्याला परतल्यावर त्यांचे वाडे, वृत्तपत्रे आणि सभा जागच्या जागी होत्या. परत जायला घर उरले नव्हते, ते मावळ्यांना. एखाद्याच्या आयुष्यात पडण्यापूर्वी त्यातून बाहेर कसे पडायचे याचा विचार न करणे, हाही एक प्रकारचा अन्यायच ठरतो. बापट यांच्यावर अन्य आक्षेप घेता येतील, पण लोकांना पुढे करून आपण मागे राहिले, हा आक्षेप घेता येत नाही.

अखेरपर्यंत

सुटकेनंतरही बापट स्वस्थ बसले नाहीत. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते गोवामुक्ती सत्याग्रहाच्या तुकडीत होते. तेव्हा त्यांचे वय ७४ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते मोर्चाच्या अग्रभागी चालले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना मुळशी माहीत असते ती पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून.

मावळातील पाण्याचा प्रश्न मात्र बापट यांच्याबरोबर संपला नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी कामशेतजवळील बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन सुरू असताना पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. तेव्हाही शहराची तहान खरी होती आणि शेतकऱ्याची भीतीही. तेव्हाही निर्णय आधी झाला आणि विचारणा नंतर.

या खोऱ्यांत आज प्रकल्प घेऊन येणारे अधिकारी आहेत, जमिनीचे दलाल आहेत, तसेच मदतीच्या भावनेने येणारे कार्यकर्ते आणि संस्थाही आहेत. सर्वांचा दावा लोकांचे भले करण्याचाच असतो. बापट यांच्या चरित्रातून त्यांना तयार उत्तर मिळणार नाही. काही प्रश्न मात्र मिळतील. बोलावले कोणी? किंमत कोण मोजणार? ज्यांच्यासाठी आलो, त्यांनी उद्या वेगळा निर्णय घेतला, तर तो ऐकण्याची तयारी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांवर सेनापती बापट बहुतेकांपेक्षा सरस ठरतात. तिसऱ्या प्रश्नाशी ते सात वर्षे तुरुंगात झगडले असतील. मुळशीचे पाणी तोवर भिंतीला टेकले होते.