एडविन बडिंग : हिरवळीचा कारागीर

क्रिकेटचा सामना सुरू होण्यापूर्वी मैदानाकडे पाहिले की डोळे निवतात. जणू कोणी हिरवा गालिचाच अंथरला आहे, असा भास होतो. गवताची सारी पाती एकाच उंचीची. कोठे झुबका नाही, कोठे टक्कल नाही. ही किमया केवळ निसर्गाची नव्हे. निसर्ग गवत उगवतो आणि वाढवतो. ते एका मापात राखण्याचे काम माणसालाच करावे लागते. आज हे काम गवत कापण्याचे यंत्र करते. ते यंत्र ज्याच्या बुद्धीतून निघाले, तो कोणी मोठा पंडित नव्हता, की धनवान उमरावही नव्हता. तो मुळात एक सुतार होता. त्याचे नाव एडविन बिअर्ड बडिंग.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ग्लॉस्टरशर नावाचा परगणा आहे. तेथील ईस्टिंग्टन या गावी इ. स. १७९६ च्या सुमारास एडविनचा जन्म झाला. जवळच स्ट्राउड हे गाव आहे. त्याच्या भोवती अनेक दऱ्या असून त्यांतून झुळझुळ वाहणारे ओढे आहेत. त्या काळी या ओढ्यांच्या पाण्यावर चक्रे फिरत आणि त्या चक्रांच्या बळावर लोकरीच्या कापडाच्या गिरण्या चालत. येथील लाल बनात दूरवर प्रसिद्ध होती. इंग्रज शिपायांचे लाल डगले तिचेच शिवले जात. अशा या उद्योगी प्रदेशात एडविन लहानाचा मोठा झाला. प्रथम त्याने सुतारकाम केले. परंतु लाकडापेक्षा लोखंडाने आणि स्थिर वस्तूंपेक्षा फिरत्या यंत्रांनी त्याचे मन अधिक वेधून घेतले. तो ओतशाळांतून व गिरण्यांतून काम करू लागला. कोठे एखादे यंत्र अडले, त्याचा दाता मोडला किंवा आस झिजला, तर ते दुरुस्त करावे, आणि दुरुस्त करता करता ते अधिक चांगले कसे चालेल याचा विचार करावा, हा त्याचा उद्योग झाला.

लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते खडबडीत असते. ते धुऊन, कुटून घट्ट केल्यावर त्याच्या पृष्ठभागावरची लव उभी करतात आणि मग ती सारखी कातरतात, तेव्हा कापड मऊ व तुळतुळीत होते. पूर्वी हे काम कसबी कारागीर मोठमोठ्या, जड कात्र्यांनी हातांनी करीत. हात किंचित चुकला तरी कापडाला चरा पडे. पुढे स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम येथील गिरणीवाल्या जॉन लुईस याने १८१५ साली लव कातरण्याच्या एका यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्रात एका फिरत्या आसावर मळसूत्री वळणाची पाती बसवलेली असत. आस गरगर फिरे, कापड त्याखालून सरके आणि वर आलेली लव एकसारखी कातरली जाई. अशी यंत्रे बडिंगच्या नित्य पाहण्यात होती.

आता गिरणीतून बाहेर येऊन त्या काळच्या बागांकडे पाहू. श्रीमंतांच्या वाड्यांपुढे विस्तीर्ण हिरवळी असत. त्या राखण्यासाठी लांब दांड्यांचे, वाकड्या पात्यांचे मोठे विळे वापरीत. गवत दवाने ओले असतानाच ते अशा विळ्याने नीट कापले जाई. कोरडे गवत पात्यापुढे वाकून जाई. म्हणून पहाट होताच मजुरांची रांग बागेत उभी राही. विळे तालात फिरत, मधून मधून थांबून दगडावर परजले जात, आणि मागून इतर माणसे पडलेले गवत झाडून गोळा करीत. एवढे करूनही हिरवळ सर्वत्र सारखी होत नसे. विळ्याच्या फेऱ्याबरोबर चंद्रकोरीसारखे चरे पडत. कोठे मुळापर्यंत गवत कापले जाई, तर कोठे ते तसेच राही. आणि इतकी माणसे ठेवण्याची ऐपत ज्यांना नव्हती, त्यांच्या घरापुढे हिरवळ राखली जाणे कठीणच होते.

कापडाची लव आणि जमिनीवरचे गवत! या दोन गोष्टी हजारो लोकांनी रोज पाहिल्या होत्या. पण त्यांतील साम्य बडिंगच्या मनात उतरले. जी पाती कापडावरची लव कातरतात, तीच पाती जमिनीवरून फिरवली तर? लव काय आणि गवत काय, दोन्ही असंख्य बारीक तंतूच. मात्र गिरणीत यंत्र जागच्या जागी राहते आणि कापड सरकते. जमीन काही सरकणार नाही. म्हणून येथे यंत्रालाच चालवले पाहिजे. शिवाय गिरणीत पाण्याचे बळ असते. बागेत ते कोठून आणावे? माणसाच्या चालण्यातूनच पाती फिरण्याची शक्ती मिळवली पाहिजे. विचार सोपा वाटतो, परंतु तो लोखंडात उतरवणे सोपे नव्हते.

या कामी त्याला जॉन फेराबी या गृहस्थाचे साहाय्य लाभले. स्ट्राउडजवळील थ्रप या खेड्यात फेराबीचा लोखंडी कारखाना होता. १८३० च्या मे महिन्यात दोघांमध्ये करार झाला. कल्पना आणि कौशल्य बडिंगचे. खर्च, पेटंट मिळवण्याची खटपट आणि यंत्रे बनवून विकणे फेराबीकडे.

असे ते पहिले यंत्र तयार झाले. ते घडीव व ओतीव लोखंडाचे होते आणि चांगलेच जड होते. त्याच्या मागच्या बाजूस एक मोठा रूळ होता. माणूस मुठी धरून यंत्र पुढे ढकलू लागला की हा रूळ फिरे आणि त्याची गती दंतचक्रांच्या द्वारे पुढच्या आसाकडे जाई. दंतचक्रांची योजना अशी होती की, रुळाचा एक फेरा होईपर्यंत पात्यांच्या आसाचे सुमारे १६ फेरे होत. या आसावर मळसूत्री पाती होती आणि त्याखाली एक सरळ, स्थिर पाते बसवलेले होते. कात्रीच्या दोन पात्यांमध्ये सापडलेला कागद जसा कापला जातो, तसे फिरते पाते व स्थिर पाते यांच्यामध्ये सापडलेले गवत कापले जाई. कापण्याची रुंदी १९ इंच होती. मध्ये आणखी एक लहान रूळ होता. तो वरखाली केला की गवत किती उंच ठेवायचे ते ठरवता येई. कापलेले गवत उडून पुढच्या पेटीत पडे, त्यामुळे मागून झाडण्याचेही श्रम वाचत. विळ्याला ओले गवत लागे, तर या यंत्राला कोरडे गवत अधिक मानवे. म्हणून आता पहाटेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

असे सांगतात की, बडिंग आपल्या यंत्राची परीक्षा रात्रीच्या अंधारात घेत असे. लोखंडाचा खडखडाट करीत गवतावरून येरझारा घालणारा माणूस दिवसाढवळ्या दिसला, तर लोक त्याला वेड्यात काढतील, ही भीती त्याला वाटत असावी. त्या वर्षी भीतीचे दुसरेही कारण इंग्लंडमध्ये होते. १८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात उपाशी शेतमजुरांनी मळणीची यंत्रे फोडण्यास प्रारंभ केला आणि हे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. हिवाळ्यात हातांनी मळणी करून मजूर कसेबसे पोट भरीत. यंत्र आले आणि तेही काम गेले. या दंग्यांबद्दल १९ जणांना फाशी झाली आणि शेकडो मजूर ऑस्ट्रेलियात हद्दपार झाले. यंत्र श्रम वाचवते, हे खरे. परंतु ज्याचे पोट त्या श्रमावर असते, त्याची काळजी समाजाने घेतली नाही, तर तेच यंत्र त्याला वैरी वाटू लागते. बडिंगचे यंत्र जन्मास आले ते अशा अशांत दिवसांत. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले.

आरंभीच्या यंत्रांपैकी काही लंडनमधील रीजन्ट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत आणि ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांत गेली. प्राणिसंग्रहालयाच्या बागेवरील मुकादमाने आपला अनुभव असा सांगितला की, या यंत्राने दोन माणसे सहा ते आठ विळेवाल्यांचे काम करतात आणि ते अधिक चांगले करतात. एकट्या माणसाला जड यंत्र ढकलणे कठीण जाई, म्हणून पुढे ओढण्यासाठी दुसरी मूठ बसवण्यात आली. १८३२ साली इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्याने परवाना घेऊन अशी यंत्रे करण्यास आरंभ केला. मोठ्या बागांतून विळेवाल्यांची गरज हळूहळू कमी होत गेली. परंतु ज्यांनी कधी विळेवाला ठेवलाच नव्हता, अशा साध्या गृहस्थांच्या अंगणातही हिरवळ दिसू लागली. हे काम म्हणजे करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम आहे, असे बडिंग स्वतःच ग्राहकांना सांगे.

विळा परजला की झाले. यंत्राचे तसे नाही. यंत्र विकत घेणे सोपे, ते राखणे कठीण. फिरती पाती आणि स्थिर पाते यांच्यामधील अंतर नेमके असावे लागते. ते अधिक झाले तर गवत कापले न जाता चुरगळते. पाती एकमेकांवर दाबली गेली तर ती झिजतात आणि यंत्र जड चालते. अंतर बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी परीक्षा माळ्यांना ठाऊक असते. बोटे दूर ठेवून कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरावी व आस हळूच फिरवावा. कागद स्वच्छ कापला गेला तर पाती बरोबर जुळली आहेत. तो फाटला किंवा दुमडला तर स्क्रू फिरवून ती जुळवावी लागतात. चालवण्यापूर्वी गवतातील खडे व काटक्या वेचाव्या. कारण एक लहानसा खडाही पात्याची धार घालवतो. काम झाल्यावर चिकटलेले गवत काढून यंत्र कोरडे पुसावे, नाहीतर लोखंडाला गंज चढतो. आसांना व दंतचक्रांना वेळोवेळी तेल द्यावे. गवत गुडघाभर वाढू देऊन मग यंत्र लावले तर ते अडून बसते. म्हणून थोडे थोडे, पण नियमाने कापावे. यंत्र घेतानाही बाग पाहून घ्यावे. लहान अंगणासाठी रुंद आणि जड यंत्र घेतले, तर ते वळवता वळवताच माणूस थकून जातो.

दुरुस्तीच्या कामात वाढलेल्या बडिंगला यंत्रांच्या या गरजा पुरेपूर माहीत होत्या. दुरुस्तीला जाणाऱ्या कारागिराला पूर्वी निरनिराळ्या मापांच्या चाक्यांसाठी निरनिराळे पाने जवळ बाळगावे लागत. स्क्रू फिरवून ज्याचा जबडा लहानमोठा करता येतो, अशा पान्याचे श्रेयही बडिंगला दिले जाते. आज सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत असा पाना हमखास सापडतो. यंत्र निर्माण करणाऱ्याने ते दुरुस्त करणाऱ्याच्या हाताचाही विचार केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आयुष्याच्या उत्तरकाळात बडिंग डर्स्ली या गावी राहावयास गेला. तेथे जॉर्ज लिस्टर या कारखानदाराबरोबर तो लोकर पिंजण्याच्या यंत्रांत सुधारणा करू लागला. ज्या लोकरीच्या धंद्याने त्याला हिरवळीची कल्पना दिली, त्याच धंद्याकडे तो पुन्हा वळला होता. तेथेच १८४६ साली, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्याचे देहावसान झाले. त्याच्या यंत्राची खरी भरभराट पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

हे यंत्र पुढे वाढतच गेले. त्याला कोणी घोडा जोडला. घोड्याच्या टापांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत! पुढे जड दंतचक्रांच्या जागी साखळी आली आणि यंत्र हलके झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेवर चालणारी यंत्रे निघाली आणि १९०२ साली रॅन्सम यांच्याच कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. मैदाने सपाट व मऊ राखता येऊ लागल्यामुळे क्रिकेट, हिरवळीवरील टेनिस यांसारख्या खेळांनाही बहर आला. ग्लॉस्टरशरच्या एका खेड्यात तयार झालेल्या या यंत्राचे वंशज आज भारतातील मैदानांवरही फिरताना दिसतात. वीज आली, तेल आले. पण जेथे गवत अगदी बारीक व एकसारखे हवे असते, तेथे अजूनही मळसूत्री पाती आणि एक स्थिर पाते हीच बडिंगची जोडी काम करते.

बडिंगने नवे लोखंड शोधले नाही, की नवे चाक शोधले नाही. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, तेच त्याने नीट पाहिले आणि एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी नेले. आपल्या रोजच्या कामाकडे जो असा डोळसपणे पाहतो, त्याला गिरणीतल्या कापडातही हिरवळ दिसते. आणि जे निर्माण केले ते पुसून, तेल घालून, वेळेवर दुरुस्त करून जो जपतो, त्याच्या हातचे यंत्र दीर्घकाळ सेवा करते.