माळावरचे गाव

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर मला जवळचे वाटतात. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव बेळगावकडून मुंबईस गेले ते चित्रकला शिकण्यासाठी. रंगांतला फरक डोळ्यांना कळेना, म्हणून कुंचला ठेवून ते यंत्रांची रेखाटने शिकले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर केले. तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली निवडुंग तोडून तेथे कारखाना आणि घरे उभी राहिली. तुरुंगवास भोगलेल्या माणसांनाही त्यांनी पहारेकरी नेमले. १९५६ साली ते निवर्तले. किर्लोस्करवाडी मात्र नांदती आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी तरुण पोटासाठी गुजरातची वाट धरतात. माळ आपल्याकडेही आहेत. त्यावर माणसांना जवळ करून गाव वसवणारा कोणी निघेल का, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.