मॅलीबाईंचा धाकटा जॅकी रॉबिन्सन

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तोवर जिजामाता, अहिल्याबाई, आनंदीबाई जोशी ही सगळी नावे वाटून झाली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. नवे नाव आणायचे कोठून? मग आठवले की गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या रात्री जेवणे आटोपल्यावर एका अमेरिकन खेळाडूची हकीकत इंग्रजीतून वाचीत असे आणि मला मराठीतून सांगत असे. तीच येथे लिहिते. खेळातले मला फारसे कळत नाही, पण घरातले कळते, आणि या माणसाच्या गोष्टीत घर पुष्कळ आहे.

जॅकी रॉबिन्सनचा जन्म 31 जानेवारी 1919 रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, कैरो नावाच्या गावाजवळ झाला. आईबाप काळे, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेत करणारे. पाच भावंडांत हा सर्वात धाकटा. तो सहा-एक महिन्यांचा असतानाच बाप घर सोडून गेला तो परत आलाच नाही. आईचे नाव मॅली. ही बाई रडत बसली नाही. 1920 साली पाचही लेकरे घेऊन ती आगगाडीत बसली आणि थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात पॅसाडिना शहरी आली. तेथे गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी, झाडलोट करून तिने पुढे पेपर स्ट्रीटवर स्वतःचे घर घेतले. वस्ती गोऱ्यांची. शेजाऱ्यांनी यांना उठवण्याची खटपट केली, पण मॅलीबाई हलल्या नाहीत.

आई दिवसभर कामावर, मग तान्ह्याला कोण पाहणार? जॅकीची बहीण विला मे हीच मुळी लहान, नुकती शाळेत जाऊ लागलेली. मॅलीबाईंनी शाळेत जाऊन बाईंची समजूत घातली. विला मे जॅकीला रोज बरोबर नेई, तो अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यात खेळत बसे आणि ती वर्गाच्या खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवी. पुढे जो मैदानावर एवढा धावला, त्याचे पहिले मैदान हा वाळूचा खड्डा होता.

पॅसाडिनात सार्वजनिक पोहण्याचा तलाव होता. त्यात काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस उतरू देत आणि त्यानंतर सगळे पाणी सोडून देऊन तलाव पुन्हा भरीत. हे ऐकताना मी नाक मुरडले, तेव्हा पुतण्या म्हणाला की काकू, आपल्या पुण्याच्या मैदानावरही बाळू पालवणकरांसारख्या नामांकित गोलंदाजाला चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत असत. मी गप्प बसले.

जॅकीचा थोरला भाऊ मॅक हाही मोठा धावपटू. 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये 200 मीटरच्या शर्यतीत पहिला जेसी ओवेन्स आणि दुसरा मॅक. रुपेरी पदक घेऊन तो गावी आला आणि त्याला काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. ऑलिम्पिकचे जाकीट घालून तो रस्ते झाडी. मला वाटते, जॅकीच्या मनातली आग येथूनच लागली असावी.

जॅकी स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील कॉलेजात गेला. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी शर्यती अशा चार खेळांत तेथे मानचिन्ह मिळवणारा तो पहिलाच विद्यार्थी. तेथेच त्याची रेचेल आयसम हिच्याशी ओळख झाली. ती परिचारिकेचे शिक्षण घेणारी, शांत आणि निश्चयी मुलगी. पदवी न घेताच त्याने 1941 साली कॉलेज सोडले. महायुद्ध सुरू होतेच. 1942 साली तो सैन्यात भरती झाला आणि 1943 च्या जानेवारीत सेकंड लेफ्टनंट झाला.

आता बसची गोष्ट सांगते. एक नव्हे, दोन बस आहेत, म्हणून नीट ध्यानात ठेवावे.

पहिली बस 6 जुलै 1944 ची, टेक्सासमधील कॅम्प हूड या छावणीतली. जॅकी एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारी बसला होता. ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसण्यास फर्मावले, कारण तिकडे काळ्यांनी मागेच बसावयाचे. छावणीतल्या बसमध्ये असा भेद करू नये असा सैन्याचा हुकूम झालेला जॅकीला ठाऊक होता. तो उठला नाही. वादावादी वाढली, वरिष्ठांपर्यंत गेली आणि उलट त्याच्यावरच लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. ऑगस्टमध्ये तो निर्दोष सुटला आणि नोव्हेंबरात सन्मानाने सैन्यातून मोकळा झाला. त्याची मूळची रणगाड्यांची पलटण युरोपात लढावयास गेली. जॅकीची लढाई मात्र मायदेशातल्या बसमध्येच झाली.

1945 साली तो काळ्या खेळाडूंच्या निराळ्या निग्रो लीगमध्ये, कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाकडून बेसबॉल खेळू लागला. खेळ थोडक्यात सांगते. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. चेंडू टोलवून एकेक ठाणे गाठीत फिरून घरच्या ठाण्यावर यावयाचे, की एक धाव. गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धांत जवळजवळ साठ वर्षे एकाही काळ्या खेळाडूला घेतले नव्हते. तसा लेखी नियम नव्हता, नुसती वहिवाट.

ही वहिवाट मोडण्याचे ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या मनात आले. 28 ऑगस्ट 1945 रोजी त्यांनी जॅकीला बोलावून घेतले आणि सुमारे तीन तास बसवून पाहिले. हॉटेलातला कारकून, मैदानावरचा प्रतिस्पर्धी अशी एकेक सोंगे घेऊन रिकीसाहेबांनी त्याला तोंडावर घाणेरड्या शिव्या दिल्या. त्यांची अट एकच होती. लोक काहीही बोलोत, करोत, पहिली काही वर्षे त्याने हात उगारावयाचा नाही आणि उलट बोलावयाचे नाही. तो चिडला की पुढच्या सगळ्या काळ्या मुलांची वाट बंद. जॅकीने कबूल केले. रिकींनी आणखी एक चौकशी केली ती मला फार आवडली. लग्न ठरले आहे का, असे त्यांनी विचारले, कारण या कामाला घरात सोबत हवी.

10 फेब्रुवारी 1946 रोजी जॅकी आणि रेचेल यांचे लग्न झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे सरावासाठी विमानाने फ्लोरिडाकडे निघाले. निघताना मॅलीबाईंनी सुनेच्या हातात एक बुटांचे खोके दिले. त्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी! (बुटांच्या खोक्यात अन्न बांधणे आपल्याला चालायचे नाही, पण तिकडे गरिबांची तशी रीत होती.) नव्या नवरीला लाज वाटली. विमानात चांगल्या कपड्यांत बसावयाचे आणि हातात हे! पण सासूचे मन मोडवेना म्हणून घेतले. न्यू ऑर्लिन्सला त्यांना विमानातून उतरवून ठेवले. खाणावळीत काळ्यांना बसून जेवू देईनात. तेव्हा तेच खोके उघडले आणि दोघे पोटभर जेवली. सासूने बांधून दिलेल्या शिदोरीला नाक मुरडू नये, एवढे मी माझ्या सुनेला यावरून सांगितले आहे.

पुढे पेन्साकोला येथे त्यांना पुन्हा विमानातून उतरवले आणि त्यांच्या जागा गोऱ्या प्रवाशांना दिल्या. मग त्यांनी बस धरली. ही दुसरी बस. दोघे पुढे बसली होती, ड्रायव्हरने मागे जाण्याची खूण केली आणि जॅकी मुकाट्याने उठून मागे जाऊन बसला. दीड वर्षापूर्वी जागेवरून हलण्यापेक्षा ज्याने खटला पत्करला, तोच हा मनुष्य. रात्रभराचा प्रवास, मागची जागा दाटीची. रेचेल अंधारात कोणाला कळू न देता रडली. नवऱ्याचा अपमान झाला म्हणून तर रडलीच, पण आपला नवरा उठला, आणि का उठला हे आपल्याला ठाऊक आहे, याचे तिला अधिक वाटले असेल.

आपण बायका राग गिळण्यात तरबेज असतो. तो गिळला म्हणून कोणी टाळ्या वाजवीत नाही. तरी मला सांगावेसे वाटते की पहिल्या बसमधल्या धैर्यापेक्षा दुसऱ्या बसमधले धैर्य थोडे नव्हते. त्याची किंमत मात्र फार पडते. ती कोणाला पडली ते पुढे येईलच.

पहिले वर्ष तो कॅनडात माँट्रियल येथे, डॉजर्सच्या हाताखालच्या संघात खेळला. तेथे त्यांना माणसे चांगली भेटली. रेचेलला दिवस गेले होते. फ्रेंच बोलणाऱ्या शेजारणींनी आपल्या रेशनची कुपने तिला आणून दिली. भाषा कळत नव्हती, पण पोटुशी बाईला काय हवे हे कळावयाला भाषा कशाला लागते? हंगामाच्या शेवटी संघ जिंकला तेव्हा लोक प्रेमाने मिठ्या मारावयास जॅकीच्या मागे रस्त्यातून धावले.

15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर 42 नंबरचा अंगरखा घालून तो मोठ्या स्पर्धेत उतरला. रेचेल पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन थंडीत जाऊन बसली होती. पुढे त्यांचे बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्या बाईच्या घरातली एक खोली. तो संबंध हंगाम कसा गेला असेल! फिलाडेल्फियाच्या संघाने शिव्यांचा पाऊस पाडला, जिवे मारण्याची पत्रे आली, चेंडू अंगावर टाकले गेले. त्याने उत्तर दिले ते पायांनी. बेसबॉलमध्ये चेंडूफेक्याची नजर चुकवून पुढचे ठाणे गाठणे याला ठाणे चोरणे म्हणतात. आपल्या आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याला हूल देऊन निसटतात, तसेच काहीसे. त्या वर्षी जॅकीने 29 ठाणी चोरली. नव्या खेळाडूंतील सर्वोत्तम म्हणून त्याची निवड झाली. 1949 साली तर तो संपूर्ण नॅशनल लीगमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. 1950 साली त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात जॅकीचे काम जॅकीनेच केले. रेचेल झाली होती रूबी डी ही नटी. 1955 साली त्याच्या संघाने जागतिक अजिंक्यपद मिळवले.

1949 पासून गप्प बसण्याची अट सुटली होती. तो पंचांशी वाद घालू लागला, मनातले बोलू लागला, तर वर्तमानपत्रे त्याला तापट म्हणू लागली. गिळणाऱ्याचे कौतुक आणि बोलणाऱ्याला नावे, ही रीत तिकडेही आहे तर!

याच वर्षी त्याच्या हातून एक गोष्ट झाली ती झाकून ठेवणे बरे नाही. पॉल रोबसन हा मोठा काळा गायक आणि नट सरकारविरुद्ध बोलत असे. त्याच्याविरुद्ध सांगावयास जॅकीला वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे बोलावले आणि तो गेला. काळ्यांवरच्या अन्यायाबद्दलही त्याने तेथे सांगितले, पण वर्तमानपत्रांनी उचलले ते रोबसनविरुद्धचे बोलणे. आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आत्मचरित्रात जॅकीने त्याबद्दल खंत व्यक्त केली.

1957 च्या जानेवारीत त्याने खेळ सोडला. खेळाडूचे आयुष्य अठ्ठेतिसाव्या वर्षी संपते, पुढे काय? जुन्या विजयांवर जगणारे पुष्कळ असतात. हा न्यूयॉर्कच्या एका कॉफी कंपनीत नोकरवर्गाच्या खात्याचा उपाध्यक्ष होऊन कचेरीत जाऊ लागला. त्याच वर्षी मधुमेह असल्याचे कळले. 1962 साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव दाखल झाले. त्या समारंभात त्याने रिकीसाहेब, मॅलीबाई आणि रेचेल या तिघांना उभे करून मान दिला. 1964 साली त्याने हार्लेम वस्तीत काळ्यांसाठी बँक काढण्यात पुढाकार घेतला. 1963 पासून आपल्या स्टॅमफर्डच्या घराच्या हिरवळीवर तो गाण्याबजावण्याचे जलसे करी. मोठमोठे वादक येत आणि जमलेला पैसा समान हक्कांसाठी तुरुंगात गेलेल्यांच्या जामिनाला जाई.

रेचेल? तिने मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा शिक्षण घेतले, मनोरुग्णांच्या शुश्रूषेतली वरची पदवी मिळवली आणि येल विद्यापीठात परिचारिकांना शिकवू लागली. तिने नोकरी करावी हे जॅकीला आधी रुचले नव्हते. बाहेर एवढ्या भिंती पाडणाऱ्यालाही घरातली भिंत दिसावयास वेळ लागतो.

आता ती किंमत. थोरला मुलगा, जॅकी ज्युनियर, बापाच्याच नावाचा. सगळे जग ज्याला ओळखते त्या बापाचे नाव घेऊन शाळेत जाणे त्या पोराला जड गेले. जगासाठी इतके सोसून आलेल्या बापाला घरात मुलाशी बोलता येईना. मुलगा सैन्यात गेला, व्हिएतनाममध्ये 1965 साली जखमी झाला आणि परत आला तो मादक पदार्थांच्या नादी लागून. 1968 च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली. मे महिन्यात मॅलीबाई वारल्या. पुढे मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुधारला, इतरांना सुधारण्याचे काम करू लागला, बापलेक पुन्हा जवळ आले. आणि 17 जून 1971 रोजी मोटार अपघातात तो गेला. वय अवघे चोवीस. केंद्राच्या मदतीसाठी आईबापांच्या हिरवळीवर जलसा करण्याची तयारी त्यानेच चालवली होती. आईबापांनी तो जलसा रद्द केला नाही.

15 ऑक्टोबर 1972 रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात जॅकीचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती, केस पांढरेशुभ्र झालेले. आभार मानून तो बसला नाही. एखादा काळा मनुष्य संघाचा मॅनेजर झालेला पाहावयास मिळाला तर अधिक आनंद होईल, असे त्याने तेथेच सुनावले. नऊ दिवसांनी, 24 ऑक्टोबर रोजी, घरीच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 53. पहिला काळा मॅनेजर 1975 साली झाला.

रेचेलने पुढच्याच वर्षी त्याच्या नावे संस्था काढून गरीब हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. 1997 साली सर्व मोठ्या संघांनी 42 हा अंक कायमचा राखून ठेवला. 2022 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले, तेव्हा फीत कापण्याच्या समारंभाला रेचेलबाई शंभर वर्षांच्या वयात हजर होत्या.

पॅसाडिनातही 1997 साली नगरपालिकेच्या कचेरीसमोर दोघा भावांची मोठी ब्राँझची मस्तके बसवली. जॅकीचे तोंड ब्रुकलिनच्या दिशेला आहे. रस्ते झाडणाऱ्या मॅकचे तोंड नगरपालिकेकडे आहे.