चहाचा कप आणि लोकमान्यांचा मधुमेह

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले होते, बाळ गंगाधर टिळकही होते. वाद पेटला तो धर्म बुडाल्याचा. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहातल्या साखरेकडे अर्थातच कोणी पाहिले नाही.

टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी व्यायामाने शरीर कमावले होते. तरीही पुढे मधुमेह जडला. राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा भोगायला १९०८ मध्ये ते मंडालेला गेले, तेव्हा हा आजारही सोबत होता. त्या काळी पथ्य हाच उपचार. तुरुंगात त्यांनी जवाच्या पिठावर भर दिला.

ही निवड आजही पटण्यासारखी आहे. जवातल्या तंतुमय घटकांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पेयातल्या साखरेला असा अडसर नसतो. ती जठरातून लवकर पुढे सरकते आणि रक्तशर्करा झपाट्याने चढते. कोऱ्या चहात साखर जवळपास नसतेच. दोन चमचे घातले की आठ-दहा ग्रॅम होते. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम. उसाचा रसही त्याच पंगतीतला.

गोखल्यांनाही मधुमेहच होता. ते १९१५ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत, सरदारगृहात झाले. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचण्यात आले.